आवाजाचं खालचं बटण

मी टॅबलेटच्या कंपनीत होते असं सांगितलं की निम्मे लोक विचारतात, "कोणत्या आजारावरच्या?" पूर्वी मी समजावून सांगायची. आता "सगळ्याच" म्हणते आणि पुढे जाते.

उरलेले निम्मे विचारतात, "म्हणजे तुम्ही नेमकं काय करायचा?" हा प्रश्न जास्त अवघड आहे. नगरच्या नागापूर एमआयडीसीत आमची कंपनी होती. दूध संघ, शाळा, संस्था यांच्यासाठी आम्ही दणकट टॅबलेट बनवायचो. जाड रबरी कडांचे, टेबलावरून पडले तरी न फुटणारे. त्यात मी स्वतः काही बनवत नव्हते. दुसऱ्यांनी केलेले बदल वाचायचे आणि 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं, एवढंच माझं काम. अकरा वर्षं मी हे केलं आणि मागच्या वर्षी निवृत्त झाले. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत लोकांना सांगायच्या की सून सह्या करायच्या खात्यात आहे. त्यांचं फार चुकत नव्हतं.

आता थोडं धंद्याबद्दल. टॅबलेट बंद असतो तेव्हा त्याला आपल्याला पडदा आहे हेसुद्धा माहीत नसतं. चालू करायचं बटण दाबलं की सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. बाकीच्यांना उठवणं हे त्याचं काम. पण कोण कोण आहे आणि कुठे आहे हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी एक फाईल असते. पडदा कोणत्या तारांवर, बॅटरीची चिप कोणत्या पत्त्यावर, मेमरीला किती व्होल्ट, कोणतं बटण कुठे जोडलंय, सगळं तिच्यात लिहिलेलं. या फाईलला डिव्हाइस ट्री म्हणतात. झाड वगैरे काही नसतं. लांबलचक यादी असते, मध्ये मध्ये महिरपी कंस.

बूटलोडर या यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. यादीत लिहिलं की इथे स्पीकर आहे, तर तो तिथे जाऊन स्पीकरची वाट बघत बसतो. स्पीकर नसेल तर टॅबलेट चालू व्हायला वीस सेकंद उशीर होतो आणि गिऱ्हाइकाचा फोन येतो की तुमचा माल संथ आहे. म्हणून या फाईलमध्ये कुणी एक ओळ जरी बदलली, तरी ती दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय आत जाऊ द्यायची नाही असा नियम होता. तो दुसरा माणूस मी.

लोकांच्या मागण्या नाना प्रकारच्या असत. एका दूध संघाच्या चेअरमननी सांगितलं, टॅबलेट चालू होताना पडद्यावर कंपनीचं चिन्ह नको, माझा फोटो हवा. संकलन केंद्रावर रोज पहाटे शेतकरी दूध घालायला येतात, त्यांना दर्शन व्हावं. फोटो मोठा होता, फेटा त्याहून मोठा. एवढा फोटो बूटलोडरने ठेवायचा तर मेमरीतली जागा राखून ठेवावी लागते आणि तसं फाईलमध्ये लिहावं लागतं. मी तो बदल वाचला, हिशेब बरोबर होता, मी 'हो' म्हटलं. सात महिन्यांनी निवडणूक झाली आणि चेअरमन पडले. नवे चेअरमन बारीक चणीचे होते, फेटा बांधत नसत. जागा कमी लागली. तोही बदल मी वाचला आणि 'हो' म्हटलं. या नोकरीत मी कधी राजकारण केलं नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

आमचा बोर्डाचा माणूस होता नदीम शेख. राहायला मुकुंदनगरला. बोर्डही तोच आखायचा आणि फाईलही तोच लिहायचा. हात इतका स्वच्छ की त्याचे बदल वाचायला घेतले की मी चहा मागवायची, मनाला विश्रांती. एका वर्षी आम्ही टॅबलेटचा नवा बोर्ड काढला. नव्या बोर्डावर आवाज कमी करायच्या बटणाची जोडणी त्याने उलटी केली होती. जुन्या बोर्डावर बटण दाबलं की त्या तारेवरचा व्होल्टेज शून्यावर यायचा. नव्यावर दाबलं की वर जायचा. असं करायला त्याच्याकडे चांगलं कारण होतं, ते इथे नको. फाईलमध्ये त्यासाठी एकच शब्द बदलायचा असतो. त्याने तो बदलला आणि बदल माझ्याकडे आला.

बदल पडद्यावर कसा दिसतो तेही सांगते. जुनी ओळ लाल, नवी ओळ हिरवी, वर-खाली संदर्भाला तीन तीन ओळी. आणि सगळ्यात वर, बारीक अक्षरात, फाईलचं नाव. मी लाल ओळ वाचली, हिरवी वाचली, नदीमने काढलेला नव्या बोर्डाचा नकाशा उघडून पडताळून पाहिली. बरोबर होती. वरचं नाव मी वाचलं नाही. ती फाईल नव्या बोर्डाची नव्हती. जुना आणि नवा, दोन्ही बोर्ड जिच्यातून माहिती घेतात अशी ती सामाईक फाईल होती.

तरी सवयीने मी मान वर करून विचारलं, "नदीम, जुन्या बोर्डावर चालेल ना?"

तो म्हणाला, "चालेल की, मॅडम."

आपल्या भाषेत 'चालेल' म्हणजे मशीन चालेल असंही होतं आणि हरकत नाही असंही होतं. त्याने जुन्या बोर्डासाठीही फाईल तयार करून पाहिली होती, ती बिनतक्रार तयार झाली होती, म्हणून त्याची हरकत नव्हती. जुना टॅबलेट हातात घेऊन, त्यात ती भरून त्याने पाहिलं नव्हतं. मला वाटलं, पाहिलंय. मी 'हो' म्हटलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कुणालाही 'चालेल ना' विचारलं नाही. "चालवलंस का? कधी? दाखव." लोकांना वाटलं, बाई म्हातारपणी तिरसट झाल्या.

आमचे जुने टॅबलेट एका सेवाभावी संस्थेने घेतले होते. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला जी डोंगरातली गावं आणि वाड्या आहेत, तिथे संस्थेच्या एकतीस आरोग्यताई काम करायच्या. गरोदर बायकांच्या नोंदी, लहान मुलांची वजनं, कुणाचं बीपी, सगळं त्या टॅबलेटमध्ये लिहीत. वर गावात रेंज नाही. महिन्याला एकदा राजूरजवळच्या केंद्रात बैठक असे, तिथे इंटरनेट होतं. आल्या की महिन्याभराच्या नोंदी वर जात आणि आमच्याकडून काही नवीन आलेलं असेल तर खाली उतरत असे. त्या महिन्यात माझ्या 'हो'सकट ती फाईल उतरली.

लगेच काही झालं नाही. फाईल कामाला लागते ती टॅबलेट बंद होऊन पुन्हा चालू होताना. ताई टॅबलेट बंद करत नसत. बॅटरी पूर्ण संपली तरच तो बंद पडे. त्यामुळे एक सोमवारी गेला, दोन बुधवारी गेले, पुढच्या आठवड्यात नऊ, त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी दहा. काळा पडदा, दुसरं काही नाही. संस्थेने आमच्या डायरेक्टर साहेबांना कळवलं. साहेबांनी अकोल्यातला पाऊस आठवला आणि उत्तर पाठवलं, आत ओल गेलेली दिसते, वापरणाऱ्यांना काळजी घ्यायला सांगा. संस्थेच्या कार्यालयाने काळजी घेतली. ज्यांचे टॅबलेट गेले त्या प्रत्येक ताईला कागद काढला: टॅबलेट निष्काळजीपणे हाताळल्याबद्दल आठ दिवसांत लेखी खुलासा करावा.

साहेबांनी मला आणि नदीमला पाठवलं. "ओल बघून या आणि तिथल्या तिथे सगळे पहिल्यापासून भरून द्या." संगमनेरवरून अकोल्याला एसटीने, तिथून राजूरला, पुढे जीपने. नदीमला घाट लागतो. त्याने सगळा रस्ता डोळे मिटून काढला आणि मी त्याच्या मांडीवरची साधनांची पिशवी धरून बसले.

केंद्र म्हणजे एक लांब खोली आणि पुढे ओटा. एकवीस बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर काळा टॅबलेट. मी नमस्कार केला तेव्हा दोघी-तिघींनी केला.

आम्ही आणलेलं साधन टॅबलेटमधलं सगळं पुसून पहिल्यापासून भरणारं होतं. नदीमने एका टेबलावर कामाला सुरुवात केली. मी दुसऱ्या टेबलावर तिसरा टॅबलेट घेतला, ओल बघायला मागचं झाकण काढलं. आत कोरडं ठाक होतं. मग मी त्याला आतून वायर जोडली. या वायरीवरून बूटलोडर जागा झाल्यापासून काय काय करतो ते लॅपटॉपवर ओळीने वाचता येतं. चौथी ओळ होती: आवाज कमीचं बटण दाबलेलं आहे, दुरुस्तीसाठी थांबत आहे.

हे बटण दाबून धरलं असताना टॅबलेट चालू केला, तर बूटलोडर पुढे जात नाही, कारखान्याच्या वायरीची वाट बघत थांबतो. आमच्या सोयीसाठी आम्हीच ठेवलेली व्यवस्था ती. मी बटणाकडे बघितलं. त्यावर कुणाचं बोट नव्हतं.

मला त्याच क्षणी सगळं समजलं, असं लिहायला बरं वाटलं असतं. मी आधी बटण अडकलंय का बघितलं. मग दुसरा टॅबलेट जोडला. तीच चौथी ओळ. मग मी लॅपटॉपवर ती फाईल उघडली आणि पहिल्यांदा तिचं नाव वाचलं. आणि म्हणाले, "नदीम, थांब."

त्याचे दोन पुसून झाले होते.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि एक ताई आत आली. पन्नाशीची, किडकिडीत, पायात रबरी बूट, खांद्याला पिशवी. नाव हिराबाई. आमच्या यादीत तिचा टॅबलेट बंद पडलेल्यांत होता. तिने पिशवीतून काढला तेव्हा त्याच्यावर गावाची यादी उघडलेली होती.

मी विचारलं, "तुमचा सुरू आहे?"

"हाय की."

"बंद पडला नव्हता?"

"पडलाता. पर दाबून धरलं की व्हतोय."

"काय दाबून धरलं?"

तिने टॅबलेट बंद केला. मग डाव्या हाताच्या अंगठ्याने आवाजाचं खालचं बटण दाबून धरलं आणि उजव्या हाताने चालू केला. आमचं चिन्ह आलं, मग संस्थेचं, मग गावाची यादी. खोलीतल्या एकवीसही बायका उठून उभ्या राहिल्या.

ते बरोबरच होतं. फाईल उलटी झाल्यामुळे टॅबलेटला न दाबलेलं बटण दाबलेलं वाटत होतं. म्हणजे खरोखर दाबलं की त्याला न दाबल्यासारखं वाटणार आणि तो मुकाट्याने पुढे जाणार. हे मला नगरला टेबलाशी बसून सुचायला हवं होतं. नदीमला सुचायला हवं होतं. आम्ही दोघं डिप्लोमावाले.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोन सांगनार? वाडीत एक पोरगी हाय, सातवा म्हयना, बीपी चढलेलं. डाक्टरला मागचं समदं आकडं पायजे हुतं, न ते ह्याच्यात. मंग मी एकेक बटन दाबून पायलं. एक दाबून, दोन दाबून. खालचं दाबल्यावर झालं."

"आकडे मिळाले?"

"मिळालं. डाक्टरनी ऐकलं न लगीच गाडी धाडली. आता हाय दवाखान्यात. बरी हाय."

"हे कधी झालं?"

"चार दिस झालं."

"तुम्ही कळवलं नाही कुणाला?"

"केलता की फोन हापिसात. म्हनले, बाई, बटनांशी खेळू नका." तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. इतर बायकांच्या कागदात निष्काळजीपणा होता. हिराबाईच्या कागदात निष्काळजीपणा होता आणि खाली 'तसेच बटणांशी अनावश्यक छेडछाड' असं वाढवलेलं होतं.

पुढचा अर्धा तास खोलीत फार गडबड झाली. हिराबाई एकेकीला दाखवत गेली. "आंगठा काढू नको. आगं, यादी दिसंस्तवर काढू नको." एकेक पडदा उजळत गेला. ज्यांचा उजळला त्या नोंदी आहेत की नाहीत ते बघायला भिंतीकडे तोंड करून बसल्या. होत्या. एकोणीस टॅबलेटमधल्या सगळ्या नोंदी होत्या. नदीमने पुसलेल्या दोघींच्या नव्हत्या. त्यातली एक तरुण होती, जनाबाई. तिने सतरा दिवसांच्या नोंदी केल्या होत्या. तिने मला विचारलं, "त्या परत येतील का?"

मी म्हटलं, "नाही."

तिने टॅबलेट पदराने पुसून पिशवीत ठेवला. तिला पुन्हा वाडीवाडीने हिंडावं लागलं. मी तिच्याबरोबर हिंडायला गेले असं सांगता आलं असतं तर बरं. मी गेले नाही. मला नगरला जाऊन फाईल दुरुस्त करायची होती. हे कारण खरं आहे, तरी ते मला अजून पुरत नाही.

मी ओट्यावर जाऊन साहेबांना फोन लावला. काय झालंय ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे बघा भिंगारदिवे मॅडम, दुरुस्ती करून टाका. पण तिथे काही बोलू नका. ओल हा शब्द आपण लेखी दिलाय, तो राहू द्या. एकदा चूक कबूल केली की पुढचं कंत्राट गेलं."

"सर, इथे बायकांना नोटिसा आल्यात."

"त्या संस्थेच्या अंतर्गत बाबी आहेत."

मी "हॅलो, हॅलो" म्हटलं आणि फोन ठेवला. रेंज गेली होती असं मी त्यांना नंतर सांगितलं. रेंजच्या दोन दांड्या होत्या.

नदीम माझ्यामागे येऊन उभा होता. म्हणाला, "मॅडम, ओळ माझी आहे. मी सांगतो."

मी म्हटलं, "ओळ तुझी. 'हो' माझं."

आम्ही आत गेलो. मला चारचौघांत बोलायची सवय नाही; इतकी वर्षं मी पडद्याशी बोलत होते. मी उभी राहिले आणि सांगितलं की टॅबलेटमध्ये पाणी गेलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडून काही बिघडलेलं नाही. आमच्या एका फाईलमध्ये एक शब्द चुकीच्या जागी बदलला गेला, तो मी तपासला आणि बरोबर आहे म्हणून सही केली. चूक आमची आहे.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी रागावलंही नाही. मागून एकीने विचारलं, "मंग तुमाला बी खुलाशाचा कागद आला का?"

"नाही," मी म्हटलं.

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. तोवर आम्ही आल्यापासून त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं.

हिराबाई म्हणाली, "मंग आमचं कागद तुमीच लिवा. आमाला 'ओल न्हाई गेली' एवढंच लिवता येतं. का न्हाई गेली ते तुमाला ठावं."

तसं ठरलं. नदीम एकेकीचा टॅबलेट इंटरनेटला लावून नोंदी वर पाठवत होता आणि मी ओट्यावर बसून खुलासे लिहीत होते. आधी हिराबाईचा घेतला. म्हटलं, एक नीट जमला की बाकीचे एकवीस उतरवता येतील. मी लिहिलं, 'मा. समन्वयक यांस, सदर टॅबलेट माझ्या हाताळणीमुळे बंद पडलेला नाही. कंपनीकडून आलेल्या फाईलमध्ये चुकून बदल झाल्यामुळे तो बंद पडला. बटण दाबून धरल्याने तो सुरू होतो, ही छेडछाड नसून उपाय आहे.' मला ते चांगलं जमलंय असं वाटलं. मी कागद सहीसाठी तिच्यापुढे ठेवला.

हिराबाईने पेन घेतलं नाही. पिशवीतून चष्मा काढला. एका काडीला दोरा बांधलेला होता. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत वाचायला लागली. सावकाश, शब्द शब्द. दुसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हितं 'चुकून' लिवलंय."

"हो."

"कोनाकडून?"

मी म्हटलं, "कंपनीकडून, असं आहे त्यात."

"कंपनी काय लिवती व्हय?" ती म्हणाली. "माझ्या कागदात माझं नाव हाय. समद्यांच्या कागदात ज्याचं त्याचं नाव हाय."

मी कागद ओढून घेतला. 'चुकून' खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'तपासणी करणाऱ्या सुनंदा भिंगारदिवे यांच्या चुकीमुळे'. कागद परत तिच्याकडे दिला.

तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. शेवटपर्यंत वाचलं. मग सही केली.